चार वजा

रात्रीचे साडेदहा. पुढ्यात गट क्रमांक सहाचं पाकीट.
उद्या अकराच्या आत श्रेणी भरायच्यात ऑनलाइन,
प्रत्येकाच्या नावापुढे वेगळी.
काम चौघांनी मिळून केलंय. रकाना मात्र
एका वेळी एकालाच आत घेतो.

प्रकल्प साधाच दिला होता:
दांडेकर पुलापासून शाळेच्या फाटकापर्यंत
दर पन्नास पावलांवर फुटपाथची रुंदी मोजा.
जिथे फुटपाथच नाही तिथे काय लिहायचं, ते मी सांगितलं नव्हतं.
त्यांनी लिहिलं, "रसवंती."
पुढे एकदा, "डीपी, आणि त्यावर वाळत घातलेली चादर."

टेप शबनूरच्या अम्मीची, शिवणकामाची.
हर्षल आकडे वाचायचा, म्हणजे ओरडायचा.
प्राची लिहायची.
शबनूर स्कूटरवर टेकलेल्यांना म्हणायची, "काका, जरा पाय."
आणि सिद्राम टेपचं अलीकडचं टोक दाबून
उकिडवा बसलेला.
मी दोनदा मागून गेले. दोन्ही वेळा बसलेलाच.

नोंदवहीत तेव्हाच लिहून टाकलं:
"गटात सहभाग कमी. प्रोत्साहनाची गरज."
हे वाक्य मला पाठ आहे.
सोळा वर्षांत किती पोरांपुढे उतरवलं असेल,
पेनं बदलली, वाक्य तेच.

आता एकमेकांना दिलेल्या गुणांच्या चिठ्ठ्या.
हर्षलचे स्वतःला साडेनऊ. अर्धा विनयापोटी कापलेला.
प्राचीने हर्षलला आधी तीन, खोडून पाच, खोडून सहा;
कागद तिथे इतका झिजलाय
की पलीकडचा दिवा दिसतो.
शबनूरचे सगळ्यांना दहा, खाली: "भांडण नको."
सिद्रामचे स्वतःला दोन.
कारण लिहा म्हटलं होतं, तर लिहिलंय,
"मी नुसतं धरलं."

तक्ता तपासताना मी गटाचे दोन गुण कापले होते.
कच्च्या वहीत बासष्ट, पक्क्या तक्त्यात अठ्ठावन्न.
एकशे अडतीसचे एकशे चौतीस.
शेजारी लाल शाईत विचारलं होतं,
"उतरवताना लक्ष कुठे होतं!!!"
तीन उद्गारचिन्हं. आत्ता मोजली.

आणि कच्च्या वहीच्या शेवटच्या पानावर,
प्राचीच्या नेटक्या अक्षराखाली,
उजवीकडे घसरत गेलेलं,
घरी कन्नड बोलणाऱ्या पोराचं मराठी:
"टेप चे पयले चार सेमी फाटून गेलय. झिरो नाही.
म्हणून सगळ्यातून चार वजा कराचं."

म्हणजे शून्यच नसलेलं टोक
हा पोरगा फरशीच्या कडेला अंगठ्याने दाबून बसला होता,
माणसांच्या चपला चुकवत,
आणि ते फक्त त्यालाच दिसत होतं,
कारण तेवढं खाली वाकलं होतं कोण.

पण त्याने ते सांगितलं केव्हा?
कुणाचं न ऐकणाऱ्या हर्षलला पटवलं कसं?
चार मिळवायचे की वजा करायचे, यावर
रसवंतीपाशी नक्की वाजलं असणार.
कोण रडलं, कोणी पुन्हा मागे जाऊन
पहिलं माप घेतलं, हे सगळं झालं
मी पुढच्या गटाकडे निघून गेल्यावर.

दोन गुण परत दिले. ते सोपं होतं.
वाक्य खोडलं, तेही झालं.
आता स्क्रीनवर तीन पर्याय आहेत,
"नेतृत्व करतो", "सहकार्य करतो", "सहभाग कमी",
आणि माझं बोट केव्हापासून वरच्यावर.
बोट दाबून धरणं किती कंटाळवाणं असतं.

बाकी एक राहून राहून आठवतंय.
अम्मी त्याच टेपवर सगळ्या वस्तीचे कपडे बेतते,
दत्तवाडीतून कुणाची तक्रार आलेली ऐकली नाही.
गणपतीत मीही एक ब्लाउज शिवून घेतला होता तिच्याकडून.
आतून तुटलेल्या मापाचा.
चांगला बसतो.